एल.पी.च्या शेवटी ‘स’ फाटतो : कार्ट्रिज बदलावे की नुसती सुई?

प्रश्न : टिळकवाडी, बेळगाव

जाणकार मंडळींना नमस्कार. माझ्या वडिलांनी जमवलेल्या सुमारे दोनशे एल.पी. आणि साठ-सत्तर जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या कित्येक वर्षे माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होत्या. दोन वर्षांपूर्वी मुलाने पुण्याहून ऑडिओ-टेक्निकाचा एल.पी.१२०एक्स हा टर्नटेबल आणून दिला आणि तेव्हापासून आठवड्यातून चार-पाच रात्री, जेवणे उरकल्यावर, तास-सव्वा तास आमच्याकडे तबकडी वाजते. संग्रहात मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत आहे; शिवाय सीमाभागातल्या बहुतेक घरांत असतात तशी कन्नड वचने आणि भावगीतेही आहेत.

अडचण अशी की, तबकडीच्या आरंभी आवाज स्वच्छ असतो, परंतु सुई आतल्या बाजूला सरकत गेली की ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ही अक्षरे फाटू लागतात. ख्यालाच्या तबकडीत हे फारच जाणवते, कारण आधी विलंबित आणि मग द्रुत अशी मांडणी असल्यामुळे बंदीश रंगात येते नेमकी तेव्हाच ताना एकमेकींत मिसळून जातात आणि हार्मोनियमचा वरचा षड्ज खरखरीत ऐकू येतो. पूर्वी हे इतके नव्हते, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे; मला तशी खात्री देता येत नाही.

कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, टर्नटेबलबरोबर आलेलेच आहे, व्ही.एम.९५ई. ते बदलून अधिक चांगले घ्यावे, असा विचार आहे आणि त्यासाठी वीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ऑर्टोफॉनचे २एम ब्लू घ्या, असे एक स्नेही सांगतात. मुलाचा पुण्यातला मित्र डेनॉनच्या डी.एल.१०३ चे फार कौतुक करतो. आणि आहे त्याच कार्ट्रिजला मायक्रोलिनिअर, म्हणजे अतिशय बारीक धारेची, सुई लावता येते, असेही वाचनात आले. बाकीच्या संचात एक जुना अँप्लिफायर आणि मध्यम आकाराचे दोन स्पीकर आहेत. सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारा फोनो प्रीअँप टर्नटेबलमध्ये बसवलेला आहे तोच वापरतो. टर्नटेबल आला तेव्हा एका दुकानदाराने तो जोडून दिला होता आणि ‘सुई उडू नये म्हणून वजन थोडे जास्तच ठेवतो,’ असे तो म्हणाला होता. त्यानंतर मी कशालाही हात लावलेला नाही. आपण मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निपाणी

टिळकवाडीच्या दादांस सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, म्हणून प्रथम तेच सांगतो. आठवड्याला पाच तास धरले तरी दोन वर्षांत पाचशेवर तास होतात. ऑडिओ-टेक्निका आपल्या लंबवर्तुळाकार सुईचे आयुष्य साधारण ३०० तास सांगते. म्हणजे आपली सुई झिजून बराच काळ लोटला आहे आणि ‘पूर्वी हे इतके नव्हते’ हे वहिनींचे म्हणणे बरोबर आहे. झिजलेल्या सुईच्या दोन्ही बाजूंना सपाट कडा तयार होतात आणि त्या कडा तबकडीची खाच खरवडतात. कृपया नवी सुई येईपर्यंत एकही तबकडी लावू नका. वडिलांनी जपलेल्या वस्तूंचा प्रश्न आहे, म्हणून हे आग्रहाने लिहितो आहे.

आता शेवटालाच आवाज का बिघडतो, ते पाहू. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, ते बाहेर काय आणि आत काय, सारखेच. पण बाहेरच्या फेऱ्याचा परीघ मोठा असल्यामुळे तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर अगदी आतल्या फेऱ्यात जेमतेम २१ सेंटिमीटर. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो. ‘स’ या अक्षरातला सात-आठ हजार हर्ट्झचा सिसकारा घ्या : बाहेर त्याची एक लाट ७० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास लांब असते, आत ती २८-३० मायक्रॉनवर येते. आपल्या सुईची जी धार खाचेच्या भिंतीला टेकते तिची त्रिज्या ०.३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण साडेसात मायक्रॉन आहे. इतक्या दाट लाटांच्या तळापर्यंत ती नीट पोहोचत नाही, आणि झिजल्यावर तर नाहीच नाही. मायक्रोलिनिअर सुईची धार ०.१२ मिल, म्हणजे तीन मायक्रॉन; त्यामुळे ती त्या वळणांत बरोबर उतरते. द्रुतातल्या ताना आपल्याला पुन्हा सुट्या सुट्या ऐकू येतील त्या या तीन मायक्रॉनमुळे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कार्ट्रिज बदलू नका, सुई बदला. व्ही.एम.९५ या मालिकेतल्या सर्व सुया एकमेकींच्या जागी बसतात. आपली हिरवी सुई काढायची आणि लाल मायक्रोलिनिअर सुई त्याच कार्ट्रिजच्या अंगावर सरकवायची. तिचे आयुष्य कंपनी १००० तास सांगते, म्हणजे आपल्या सवयीने जवळजवळ चार वर्षे, आणि खर्चही आपल्या मर्यादेत राहील. २एम ब्लू चांगलेच आहे, मी ते एका आप्तांकडे पुष्कळ ऐकले आहे. पण त्याची सुईही लंबवर्तुळाकारच आहे. ती अधिक बारकाईने घडवलेली आणि हलकी असल्यामुळे आवाज मोकळा येतो हे खरे असले, तरी आपली तक्रार तबकडीच्या शेवटच्या पाच मिनिटांविषयी आहे आणि त्या ठिकाणी मायक्रोलिनिअरचे पारडे जड आहे.

परंतु नुसती सुई आणून लावली आणि जुळणी तशीच ठेवली, तर पैसे वाया जातील. दुकानदाराने वजन जास्त ठेवल्याचे आपण लिहिता, ते मला खटकले. सोनाराकडे असतो तशा प्रकारचा, पण छोटा असा सुईचा डिजिटल काटा मिळतो, तो मागवून घ्या. वजन, म्हणजे सुईचा तबकडीवरचा भार, २ ग्रॅम असावे, १.८ ते २.२ ही त्याची मर्यादा. अँटीस्केटिंगही (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) २ च्या आसपास ठेवा. त्यानंतर कार्ट्रिज हेडशेलमध्ये (ते ज्यावर स्क्रूने बसवतात त्या टोकाच्या तुकड्यात) नेमके किती पुढे आहे आणि सरळ आहे की तिरके, हे पाहायचे. त्यासाठी छापील मापपट्टी मिळते, जिच्यावर मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरांवर दोन ठिपके आणि त्यांभोवती समांतर रेघा आखलेल्या असतात. सुईचे टोक ठिपक्यावर टेकवून वरून पाहिले असता कार्ट्रिजच्या कडा दोन्ही ठिकाणी रेघांना समांतर दिसल्या पाहिजेत. एका ठिकाणी जुळते आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असे झाले तर स्क्रू ढिले करून कार्ट्रिज पाव-अर्धा मिलिमीटर पुढेमागे करायचे. पहिल्यांदा मला या कामाला अख्खी दुपार लागली होती. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसा आणि घाई करू नका. सुई लावलेली असताना स्क्रू पिळू नका; आधी सुई काढून ठेवा, स्क्रू घट्ट करा आणि मग सुई लावून पुन्हा तपासा. स्क्रूड्रायव्हर एकदा निसटला की हजारोंची सुई गेलीच म्हणून समजा.

उत्तर : संकेश्वर

मी गेली नऊ वर्षे डी.एल.१०३ वापरतो, त्यामुळे त्याविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते. हे कार्ट्रिज जपानच्या एन.एच.के. या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी घडवले गेले आणि आजही तयार होते. त्यावर गायकाचा आवाज जो भरीव, अंगाने भरलेला ऐकू येतो, तो मला इतर कशात सापडला नाही. भारदस्त पुरुषी आवाजातले मंद्रातले काम त्यावर ऐकावे. माझे त्यावर प्रेम आहे.

तरीही टिळकवाडीच्या दादांनी ते घेऊ नये, असेच मी सांगेन. पहिले कारण असे की, ते मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी तारेचे वेटोळे हलणाऱ्या, जातीचे असून त्याचा विद्युतदाब केवळ ०.३ मिलिव्होल्ट आहे, तर आपल्या सध्याच्या कार्ट्रिजचा ४ मिलिव्होल्ट. टर्नटेबलमधला प्रीअँप मूव्हिंग मॅग्नेटसाठी, म्हणजे आपल्यासारख्या चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजसाठी, असल्यामुळे त्यावर हे लावले, तर आवाज अगदी क्षीण येईल आणि तो वाढवावा तर घरघरही बरोबर वाढेल. त्यासाठी वेगळा प्रीअँप किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, म्हणजे वीस हजारांत हिशेब बसतच नाही. दुसरे कारण म्हणजे त्याच्या सुईचा ताठपणा. सुई ज्या दांडीवर बसते ती किती लवचीक आहे आणि टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा लांब दांडा, किती जड आहे, या दोहोंची जोडी जमावी लागते. जोडी जमली की त्यांचे स्वतःचे कंपन ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान राहते, म्हणजे वाकलेल्या तबकडीच्या हेलकाव्यांच्या वर आणि संगीताच्या खाली. डी.एल.१०३ ताठ असल्यामुळे त्याला जड आर्म लागतो. माझा आर्म जुना आणि जड आहे, शिवाय मी वजनदार हेडशेल लावले आहे. हलक्या आर्मवर ते कर्कश झालेले मी स्वतः ऐकले आहे.

तिसरे कारण दादांच्या तक्रारीशी थेट संबंधित आहे. डी.एल.१०३ ची सुई शंकूच्या आकाराची, गोल टोकाची असते. निपाणीच्या काकांनी लाटांचा जो हिशेब मांडला त्यात शंकूची त्रिज्या साधारण १६ मायक्रॉन घालून पाहा, म्हणजे तबकडीच्या शेवटी काय होत असेल ते कळेल. माझ्याकडेही शेवटचा ‘स’ पूर्ण स्वच्छ येत नाही. मला तो चालतो, कारण बाकीचे जे मिळते ते मला अधिक मोलाचे वाटते. परंतु ज्यांची मूळ तक्रारच ती आहे, त्यांना हे कार्ट्रिज सुचवणे योग्य होणार नाही.

उत्तर : खानापूर

निपाणीच्या काकांनी आणि संकेश्वरच्या दादांनी एल.पी.विषयी इतके नेमके लिहिले आहे की, त्यात मला भर घालण्यासारखे थोडेच आहे. मी गाणे शिकवते, म्हणून एक गोष्ट माझ्या कामातून सांगते. मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीच्या आणि तारेच्या मध्ये सुताचा दोरा सरकवावा लागतो. तो तांदळाच्या दाण्याइतका जरी चुकला तरी तारेचा झणत्कार मिटून नुसता ठोका उरतो. तार तीच, भोपळा तोच, स्वरही तोच, पण तंबोरा बोलत नाही. कार्ट्रिजची जुळणी केल्यावर माझ्या हे प्रथम लक्षात आले की, ध्वनिमुद्रिकेतला तंबोरा बोलू लागला. म्हणून जुळणी बरोबर झाली की नाही, हे मी आता गायकाच्या आवाजावरून ठरवतच नाही. आलाप सुरू होण्यापूर्वीचे तंबोऱ्याचे चार-पाच सेकंद ऐकते, आणि तेच सेकंद त्याच तबकडीच्या शेवटच्या भागातही, गायक दम घेतो त्या जागी, शोधते. दादांनीही हे करून पाहावे.

आपल्या साठ-सत्तर ७८ च्या तबकड्यांविषयी मात्र कोणीच लिहिलेले नाही, आणि मला त्यांचीच काळजी वाटते. त्या कोणत्याही परिस्थितीत एल.पी.च्या सुईने वाजवू नका. एल.पी.च्या गोल सुईची त्रिज्या ०.७ मिल असते आणि ७८ ची खाच साधारण ३ मिलच्या सुईसाठी कापलेली असते, म्हणजे चौपट रुंद. एल.पी.ची सुई त्या खाचेत तळाशी जाऊन लोळते, तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची धूळ उकरते आणि भिंतींवर कोरलेले गाणे तिला नीट वाचताच येत नाही. नवी मायक्रोलिनिअर सुई चुकून त्यावर टेकली तर ती खराबच होईल. व्ही.एम.९५ मालिकेत ७८ साठी एस.पी. नावाची वेगळी सुई मिळते आणि तीही आपल्याच कार्ट्रिजवर बसते. तिच्यासाठी लागणारे वजन सोबतच्या कागदावर दिलेले असते, ते पाहूनच लावावे. शक्य झाल्यास दुसरे हेडशेल आणि तसलेच दुसरे कार्ट्रिज घेऊन त्यावर ही सुई कायमची ठेवावी, म्हणजे सारखी काढघाल करावी लागणार नाही. तरीही हेडशेल बदलताना दरवेळी वजन नव्याने लावावेच लागते.

या तबकड्या लावल्यावर आवाज दबलेला किंवा खालच्या पट्टीत जड वाटला तर सुईला दोष देऊ नका. आपल्या प्रीअँपमधली दुरुस्ती (मुद्रण करताना कमी-जास्त केलेले खालचे-वरचे स्वर पुन्हा मूळ प्रमाणात आणणे) आर.आय.ए.ए. या अमेरिकी ध्वनिमुद्रिका-उद्योग संघटनेच्या १९५४ च्या मानकाप्रमाणे आहे. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या त्या मानकाच्या किती आधीच्या आहेत पाहा. त्या काळी प्रत्येक कंपनीचे स्वतःचे प्रमाण होते. अँप्लिफायरवर ट्रेबल आणि बासच्या खुंट्या असतील तर खुशाल फिरवा आणि कानाला जे नैसर्गिक वाटेल ते ठेवा. मोनोचे बटण असेल तर तेही दाबा. ७८ मध्ये आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, त्यामुळे उभ्या हालचालीची खरखर पुष्कळ कमी होते.

आणखी एक सांगायचे राहिले. आमच्या खानापूर भागातल्या पावसात कव्हरांना बुरशी धरते, बेळगावातही धरत असेलच. एल.पी. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे अल्कोहोल मिसळण्याची रीत आहे. ते मिश्रण ७८ ला लावू नका. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांकडची नाट्यपदांची तबकडी अशा धुण्याने मधोमध पांढरी पडली. ती पुन्हा वाजली नाही.

पुढील माहिती : टिळकवाडी, बेळगाव

आपणा सर्वांचा मी अत्यंत ऋणी आहे. पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सर्व काही करून, ऐकून मगच लिहावे असे ठरवले होते.

काटा आल्यावर जुन्या सुईचे वजन पाहिले, तर ते २.७ ग्रॅम निघाले. मापपट्टीवर कार्ट्रिज आतल्या ठिपक्यापाशी उघड्या डोळ्यांना दिसेल इतके तिरके होते. म्हणजे दोन वर्षे मी वडिलांच्या तबकड्या झिजलेल्या, जड आणि वाकड्या सुईखाली ठेवत होतो. हे कळल्यावर मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. मायक्रोलिनिअर सुई आली त्या रविवारी सकाळी अंगणात टेबल मांडून जुळणीला बसलो आणि जेवायला उठलो तेव्हा तीन वाजले होते.

खानापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रथम तंबोरा ऐकला. कुमार गंधर्वांची एक तबकडी लावली. त्यांचा जन्म आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, म्हणून वडील ती आल्यागेल्याला कौतुकाने ऐकवत. आरंभीचा तंबोरा पूर्वीही बरा वाजत असे. परंतु बाजूच्या अगदी शेवटी, लेबलापासून बोटभर अंतरावर, दोन तानांच्या मधल्या क्षणभराच्या शांततेत तो मागे चालू असलेला ऐकू आला. तिथे तंबोरा आहे, हेच मला आजवर माहीत नव्हते. ‘स’ फाटणे जवळजवळ संपले आहे. सुईचे तास लिहून ठेवण्यासाठी टर्नटेबलशेजारी वही ठेवली आहे आणि पत्नी ती माझ्यापेक्षा नेमाने भरते. ७८ साठी दुसरे हेडशेल, कार्ट्रिज आणि एस.पी. सुई मागवली आहे; तोवर त्या ट्रंकेतच आहेत.

एकच शंका उरली आहे. नाट्यगीतांच्या दोन एल.पी. अजूनही दोन्ही बाजूंना, अगदी पहिल्या गाण्यापासून, खरखरीत वाजतात. धुऊन पाहिल्या, फरक पडला नाही. या दोन वडील फार लावत आणि आमच्याकडे तेव्हा सिरॅमिक कार्ट्रिजचा, पेटीतला लहान रेकॉर्ड प्लेअर होता. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : निपाणी

वजन कळल्यावर आपल्याला जे वाटले ते मी समजू शकतो. पण बाकीच्या तबकड्या स्वच्छ वाजत आहेत, याचा अर्थ त्यांचे फारसे नुकसान झालेले नाही. त्या दोन एल.पी.विषयी मात्र खोटी आशा दाखवणार नाही. त्या पेट्यांमध्ये सुईचा तबकडीवरचा भार आजच्या दुप्पट-तिप्पट असे, आणि सुई घरात कोणी बदलत नसे. खाचेची भिंत झिजली की ती भरून येत नाही. मायक्रोलिनिअर सुई भिंतीला उंचीभर टेकते, त्यामुळे कधी न झिजलेला भाग तिला सापडतो आणि तबकडी सुधारते, तर कधी झिजलेला भागच ती अधिक स्पष्ट वाचते. आपल्या बाबतीत दुसरे झालेले दिसते.

उत्तर : संकेश्वर

अशा तबकड्यांवर शंकूची सुई कधी कधी अधिक बरी वाजते, कारण ती भिंतीला एका ठरावीक उंचीवरच टेकते आणि वरचा सिसकारा मुळातच कमी वाचते. खात्री देत नाही, पण सुई विकत घेण्यापूर्वी ऐकून पाहणे बरे. एखाद्या रविवारी त्या दोन एल.पी. घेऊन आमच्याकडे या, माझ्या डी.एल.१०३ वर लावू. बेळगावहून संकेश्वर तास-सव्वा तासाचे अंतर आहे. येताना तबकड्या दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये उभ्या बांधा आणि मांडीवर धरून आणा. बसच्या मागच्या डिकीत उन्हाने त्या वाकतात. वहिनींनाही घेऊन या, जेवण इथेच होईल.